चीनमध्ये इंग्रजी शिकवणे आणि सुट्टीत खेडी पाहणे: भारतीय पासपोर्टवर कितपत शक्य आहे?

गोदाकाठची_शिक्षिका:

नमस्कार मंडळी,

नाशिकमधील एका माध्यमिक शाळेत मी गेली सहा वर्षे विज्ञान आणि इंग्रजी असे दोन्ही विषय शिकवत आहे. माझी पदवी रसायनशास्त्राची असून त्यानंतर बी.एड. झाले आहे, आणि पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकल्यामुळे त्या भाषेची अडचण वाटत नाही. दोन-तीन वर्षे चीनमध्ये राहून तिथल्या मुलांना इंग्रजी शिकवावे आणि सुट्ट्यांत मोठी शहरे टाळून भाताची खाचरे, डोंगरातली लाकडी गावे आणि तिथले बाजार सावकाश पाहावेत, असे बरेच दिवस मनात घोळत आहे. शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळे असेल, पण शांघायच्या उंच इमारतींपेक्षा तिकडे लावणी कशी करतात हे पाहण्याची मला अधिक ओढ आहे.

एका एजंटने दक्षिण चीनमधल्या एका खासगी शिकवणी केंद्रात जागा असल्याचे सांगितले आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आधी व्यवसायाच्या व्हिसावर जायचे, काम सुरू करायचे, आणि सहा महिन्यांत कामाचा व्हिसा तिथेच करून मिळतो. घरच्यांना हे पटलेले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही पूर्णपणे पटलेले नाही. तिथे प्रत्यक्ष शिकवलेल्या कोणी मार्गदर्शन करावे. शिक्षकांना सुट्ट्या खरोखर किती मिळतात, एकट्या बाईने खेड्यांत फिरणे कितपत सोयीचे आहे, आणि मी शाकाहारी असल्यामुळे (अंडी चालतात) जेवणाचे काय करावे, हेही जाणून घ्यायचे आहे.

---

लिउझोउचा_मास्तर:

ताई, एजंटच्या प्रस्तावाला आधी नकार कळवा आणि मगच पुढचे वाचा.

चीनमध्ये पगारी काम करायचे तर ‘झेड’ प्रकारचा व्हिसा घेऊनच उतरावे लागते, आणि त्याआधी तुम्हाला नोकरी देणाऱ्या संस्थेने तिथल्या सरकारकडून कार्य-परवान्याचे सूचनापत्र मिळवलेले असावे लागते. व्यवसायाच्या, पर्यटनाच्या किंवा विद्यार्थ्याच्या व्हिसावर शिकवणे हे बेकायदा काम ठरते. 2013 पासून लागू असलेल्या प्रवेश-निर्गमन कायद्यानुसार त्यासाठी परदेशी व्यक्तीला 5,000 ते 20,000 युआन दंड होतो, आणि प्रकरण गंभीर मानले गेले तर 5 ते 15 दिवसांची कोठडीही होते. एजंट अशा वेळी नाशिकमध्ये असतो आणि पोलिसांसमोर तुम्ही असता.

दुसरी गोष्ट कटू आहे, पण ती आत्ताच कळलेली बरी. परदेशी भाषाशिक्षकाच्या परवान्यासाठी तिथला नियम असा आहे की, शिक्षकाने तत्त्वतः आपल्या देशाची मातृभाषाच शिकवावी, तो किमान पदवीधर असावा, आणि त्याला भाषा शिकवण्याचा दोन वर्षांचा अनुभव असावा. शिक्षणशास्त्राची पदवी किंवा इंग्रजी अध्यापनाचे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असल्यास अनुभवाची अट सुटते. पहिल्या दोन अटी मात्र सुटत नाहीत. व्यवहारात याचा अर्थ अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड अशा मोजक्या देशांचे पासपोर्ट, असा होतो. मी पुण्यात जन्मलो, नवव्या वर्षी आईवडिलांबरोबर टोरांटोला गेलो आणि तिथेच पदवी घेतली, म्हणून मला हा परवाना मिळाला. पुण्यातच राहिलेल्या माझ्या आतेबहिणीचे इंग्रजी माझ्यापेक्षा सरस आहे. तिला तो मिळाला नसता. शिवाय कागदपत्रे चोख असूनही एका संस्थेने माझा फोटो पाहिल्यावर बोलणे थांबवले होते, कारण पालकांना गोरा शिक्षक लागतो, असे त्यांनी आडवळणाने सुचवले. कॅनडाचा पासपोर्ट माझ्या कातडीचा रंग बदलू शकत नव्हता.

शिकवणी केंद्रांबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुलै 2021 मध्ये सरकारने ‘दुहेरी भारकपात’ धोरण आणले. सक्तीच्या शिक्षणाच्या वयातील मुलांना शालेय विषयांची नफ्यासाठी शिकवणी देण्यावर आणि शनिवार-रविवारच्या व सुट्टीतल्या वर्गांवर त्यामुळे बंधने आली, आणि हजारो परदेशी शिक्षकांना पोसणारी इंग्रजीची केंद्रे बंद पडली. जी उरली त्यांतली काही नाव बदलून चालतात. अशा ठिकाणी कागदावरचे काम एक आणि वर्गातले काम दुसरे, असे असण्याची शक्यता मोठी असते.

आता फिरण्याविषयी. मी ग्वांगशी प्रांतातील लिउझोउ शहरात, एका सरकारी उच्च माध्यमिक शाळेत दोन वर्षे तोंडी इंग्रजी शिकवले. वर्गात पन्नासच्या आसपास मुले, प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एकच तास, आणि मुलांचे सगळे लक्ष जूनमधल्या महाविद्यालय प्रवेश परीक्षेकडे. त्या परीक्षेत इंग्रजीला 750 पैकी 150 गुण आहेत, पण बोलण्याला जवळजवळ स्थान नाही, त्यामुळे माझा तास म्हणजे मुलांच्या दृष्टीने डोळे मिटण्याची हक्काची जागा होती. त्यांना जागे ठेवायला मी त्यांच्याच गावांबद्दल इंग्रजीत विचारू लागलो, आणि माझ्या भटकंतीची सुरुवात तिथून झाली. सानजियांग तालुक्यातून वसतिगृहात राहायला आलेल्या एका मुलाने फळ्यावर आपल्या गावचा पूल काढून दाखवला, आणि पुढच्याच शनिवारी मी तिकडे गेलो.

सानजियांग हा लिउझोउच्याच प्रशासनाखालचा दोंग जमातीचा भाग आहे. तिथल्या चेंगयांग येथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला ‘वारा-पाऊस पूल’ आहे. दगडी खांबांवर लाकडी पूल आणि त्यावर मजल्या-मजल्यांचे कौलारू मंडप, सगळे सांधे खाचा पाडून एकमेकांत बसवलेले, कुठेही लोखंडी खिळा नाही. पर्यटक पूल पाहून तासाभरात निघून जातात. मी मात्र पलीकडच्या वस्त्यांपैकी एकीत दोन रात्री राहिलो. संध्याकाळी भात आणि शेंगदाणे घालून उकळलेला, खारट, किंचित कडू असा ‘तेल-चहा’ पुढे आला. पहिल्या वाटीला मी तोंड वाकडे केले; तिसरी मागून घेतली.

राष्ट्रीय दिनाच्या, म्हणजे 1 ऑक्टोबरपासूनच्या सुट्टीत लोंगशेंगची भातखाचरे पाहायला जाऊ नका. पीक नेमके त्याच सुमारास पिवळे होते आणि निम्मा देश त्याच आठवड्यात घराबाहेर पडतो. मी ती चूक केली, आणि दाजाय गावच्या पायवाटेवर मला भातापेक्षा समोरच्या माणसाची पाठच जास्त वेळ दिसली. मेच्या अखेरीस खाचरांत पाणी भरते आणि लावणी चालते, तेव्हा गर्दी बेताची असते. तुम्हाला लावणीच पाहायची आहे, तेव्हा काळ तोच योग्य.

---

सुझोउकर_गणितवाला:

वरील माहितीशी सहमत आहे, पण ताईंनी निराश होऊ नये. मी स्वतः भारतीय पासपोर्टवर सुझोउमधील एका आंतरराष्ट्रीय शाळेत गणित शिकवतो, आणि माझ्या ओळखीचे अनेक भारतीय भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, संगणक असे विषय इंग्रजी माध्यमातून शिकवतात. भाषाशिक्षकाचे मातृभाषेचे बंधन विषयशिक्षकाला लागत नाही. पदवी, संबंधित कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव आणि पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र, हा त्याचा मुख्य आधार असतो. तुमच्याकडे रसायनशास्त्राची पदवी, बी.एड. आणि सहा वर्षे आहेत. इंग्रजीच्या शिक्षिका म्हणून जे दार बंद आहे, ते रसायनाच्या शिक्षिका म्हणून उघडे आहे. आणि माझ्या अनुभवावरून सांगतो, समीकरणे सोडवताना मी दिवसभर जेवढे इंग्रजी शिकवतो तेवढे आमच्या शाळेत इंग्रजीचा शिक्षकही शिकवत नसेल. ब्रिटिश ए-लेव्हल किंवा आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शाळांकडे थेट अर्ज करा. त्या अभ्यासक्रमाचे एखादे प्रशिक्षण भारतात असतानाच घेतल्यास फायदा होतो.

पदवीचे आणि चारित्र्य प्रमाणपत्राचे अधिकृत प्रमाणीकरण निघण्यापूर्वीच पूर्ण करावे, कारण तिथून ते करणे अत्यंत जिकिरीचे आहे. तिथे पोहोचल्यावर 24 तासांच्या आत राहत्या भागातील पोलिसांकडे नोंद करावी लागते, वैद्यकीय तपासणी होते, आणि 30 दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. शाळा चांगली असेल तर या सगळ्याला तिचा माणूस तुमच्याबरोबर येतो. मुलाखतीच्या वेळी मी हाच प्रश्न विचारतो, आणि उत्तर गुळमुळीत आले तर पुढे जात नाही. नोकरी सोडताना कार्यमुक्तीचे पत्र देण्याची अट करारात आहे का, तेही पाहा; त्या पत्रावाचून दुसऱ्या शाळेचा परवाना अडतो.

सुट्ट्यांबाबत बोलायचे तर 2025 पासून सार्वजनिक सुट्ट्या वर्षाला 13 दिवस झाल्या आहेत, मात्र सलग सुट्टी जुळवण्यासाठी आधीच्या किंवा नंतरच्या शनिवारी-रविवारी काम करून ती भरून द्यावी लागते. आपल्याकडच्या माणसाला हा प्रकार पहिल्या वर्षी फसवणूकच वाटतो. शिक्षकांना खरा दिलासा हिवाळी आणि उन्हाळी सुट्टीचा असतो. हिवाळी सुट्टी वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, मागेपुढे येते. रेल्वेची तिकिटे साधारण 15 दिवस आधी खुली होतात आणि त्या दिवसांत लाखो कामगार आपल्या गावी निघालेले असतात, त्यामुळे माझा नियम असा की नववर्षाच्या आधीचे आणि नंतरचे काही दिवस जिथे असेन तिथेच राहायचे.

माझे आवडते खेडे म्हणजे आनह्वेइ प्रांतातील होंगछुन, पण मार्चच्या एखाद्या आडवारी. होंगछुन आणि शेजारचे शीदी ही दोन्ही गावे 2000 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आली, त्यामुळे तिकीट काढून गावात शिरावे लागते आणि हे थोडे खटकते. तरीही पहाटे सहाला गावातल्या चंद्रकोरी तळ्याच्या काठी बायका भाजी धुताना दिसतात. गावाची रचना बैलाच्या आकाराची मानतात. ओढ्याचे पाणी पाटांनी घरांच्या दारावरून फिरवून या तळ्यात आणि मग गावाबाहेरच्या मोठ्या तळ्यात नेलेले आहे, म्हणून तळे हे बैलाचे पोट आणि पाट म्हणजे त्याची आतडी. पांढऱ्या भिंती, काळी कौले, आणि शेजारच्या घराला लागलेली आग आपल्याकडे येऊ नये म्हणून छपराच्याही वर चढवलेल्या पायऱ्यांच्या भिंती. तिथून सीमा ओलांडून ज्यांगशी प्रांतातल्या वूयुआनला गेलात तर त्याच महिन्यात तेलबियांची पिवळी शेते फुललेली असतात, पण तिथे छायाचित्रकारांची रांग लागते, एवढे लक्षात असू द्या.

---

गोदाकाठची_शिक्षिका:

दोघांचेही मनापासून आभार. एजंटला काल संध्याकाळी नकार कळवला. त्याने माझ्यावर संधी दवडल्याचा ठपका ठेवला. इंग्रजी शिकवायचे म्हणून निघालेली मी रसायन शिकवायला जाणार, याची मनाला थोडी सवय करावी लागेल. एकटीने फिरणे आणि शाकाहार यांविषयी एखाद्या भगिनीचा अनुभव कळला तर बरे होईल.

---

ग्वांगझोउतली_सुगरण:

यजमानांच्या नोकरीमुळे मी ग्वांगझोउमध्ये बारा वर्षे आहे. मुले मोठी झाल्यापासून वर्षातून दोनदा एकटी खेड्यांत जाते, त्यामुळे तुमच्या दोन्ही प्रश्नांवर अधिकाराने बोलू शकते.

आधी जेवण. ‘मी शाकाहारी आहे’ यासाठी ‘वो छ्र सू’ असे म्हणतात, पण खेड्यात एवढ्याने भागत नाही. ताटात मांसाचा तुकडा नसला म्हणजे पदार्थ शाकाहारी झाला, असा तिथला प्रामाणिक समज असतो, आणि हिरवी पालेभाजी डुकराच्या चरबीत परतलेली निघते. म्हणून ‘पू याओ झूयौ’, म्हणजे डुकराची चरबी नको, हे वाक्य चिनी लिपीत लिहून फोनमध्ये ठेवावे आणि दाखवावे. शेवयांचे सूप बहुधा हाडांच्या अर्काचे असते, तेव्हा ते टाळावे. अंडी चालत असल्यामुळे तुमचे निभावेल: टोमॅटो घालून परतलेली अंडी आणि भात कोणत्याही गावात मिळतो. मी मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर ठेवते, आणि सकाळी मालकिणीकडून नुसता वाफाळता भात मागते. एका घरात तिने मेतकूट चाखून पाहिले आणि नवऱ्यालाही चाखायला लावले. तो बराच वेळ विचार करून म्हणाला की यात मिरची कमी आहे.

एकटीने फिरताना मला ग्वेइझोउ आणि ग्वांगशीच्या खेड्यांत कधी भीती वाटली नाही. अडचण येते ती राहण्याची. गावातल्या घरगुती निवासाच्या मालकाला तुमच्या पासपोर्टची नोंद पोलिसांकडे करावी लागते, आणि ती कशी करतात हे ठाऊक नसले की तो सरळ ‘जागा नाही’ म्हणतो. परदेशी पाहुण्यांना असे परत पाठवू नये, अशा सूचना 2024 मध्ये वरून निघाल्या आहेत, पण खेड्यातल्या मालकाशी वाद घालण्यापेक्षा आदल्या दिवशी चिनी मैत्रिणीकडून फोन करवून घ्यावा, हे माझे मत. पैशांसाठी अलीपे किंवा वीचॅटला कार्ड जोडून न्यावे, आणि तरीही थोडी रोकड जवळ ठेवावी, कारण बाजारात बसलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या खासगी कोडवर परदेशी कार्ड नेहमी चालतेच असे नाही. गूगलचे नकाशे आणि व्हॉट्सअ‍ॅप तिथे बंद आहेत, आणि भारतात 2020 पासून वीचॅटवर बंदी आहे, तेव्हा घरच्यांशी कसे बोलायचे हे निघण्यापूर्वीच ठरवावे.

माझे गाव म्हणजे ग्वेइझोउमधले झाओशिंग. ग्वेइयांग ते ग्वांगझोउ हा वीस तासांहून अधिक वेळ खाणारा प्रवास डिसेंबर 2014 मध्ये वेगवान रेल्वे सुरू झाल्यावर पाच तासांच्या आसपास आला, आणि वाटेतल्या त्सोंगजियांग स्थानकावरून हे दोंग गाव जवळ पडले. गावात पाच कुळांचे पाच लाकडी नगारमनोरे आहेत, आणि त्यांना करुणा, न्याय, शिष्टाचार, शहाणपण आणि विश्वास या पाच सद्गुणांची नावे आहेत. मनोऱ्याच्या तळाशी बाके असतात, हिवाळ्यात मधोमध शेकोटी पेटते आणि म्हातारे दिवसभर तिथे बसून असतात. आपल्याकडच्या पाराची आठवण होते. शरद ऋतूत गल्ल्यांतून ठकठक ऐकू येते. ती निळीत रंगवलेल्या कापडाला लाकडी मोगरीने बडवण्याची, कारण बडवून आणि अंड्याचा पांढरा बलक लावून ते कापड तांब्यासारखे चकचकीत करतात. एकमेकांत मिसळणाऱ्या अनेक आवाजांत, वाद्याविना गायले जाणारे दोंग समूहगान 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत आले. रंगमंचावरच्या कार्यक्रमात ते ऐकायला मिळते, पण मला ते खरे भेटले तांगआन या वरच्या वस्तीच्या वाटेवर, खाचरातून परतणाऱ्या तीन बायकांच्या तोंडी.

या प्रांतात आठवडे बाजारासारखे फिरते बाजार भरतात, त्यांना जाण्याला ‘कान छांग’ म्हणतात. पूर्वी हे बाजार बारा प्राण्यांच्या चक्रातील दिवसांनुसार ठरत, म्हणून आजही नकाशावर बैल-बाजार, घोडा-बाजार, ड्रॅगन-बाजार अशा अर्थाची गावांची नावे दिसतात. जवळचा बाजार कोणत्या दिवशी आहे, हे निवासाच्या मालकिणीला पहिल्याच संध्याकाळी विचारावे आणि मगच पुढचे बेत ठरवावेत.

---

बाओदिंगचे_निवृत्त_प्राध्यापक:

उशिरा लिहीत आहे, पण उत्तरेकडची बाजू मांडल्यावाचून राहवत नाही. हबेइ प्रांतातील बाओदिंग येथे एका विद्यापीठात मी तीन वर्षे अभियांत्रिकीचे विषय इंग्रजीतून शिकवले. ही नगरी गाढवाच्या मांसाच्या भाकरीसाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा शाकाहारी माणसाने तिथे का राहावे, हा प्रश्न मला सर्वांनी विचारला.

माझे उत्तर थांग तालुका. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, पुढे तिथे कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, याच भागात वारले. थांगमध्ये बेथ्यून आणि कोटणीस यांचे एकत्रित स्मारक आहे. शाळेतल्या पुस्तकात ‘डॉ. कोटणीस’ वाचलेल्या मला तिथे ते ‘क दीह्वा’ या नावाने भेटले. मी भारतातून, त्यातही त्यांच्याच प्रांतातून आलो आहे, असे मोडक्या चिनीत सांगितल्यावर एका दुकानदाराने माझ्याकडून पाण्याच्या बाटलीचे पैसे घेतले नाहीत. तायहांग डोंगरांच्या पायथ्याची ती कोरडी, मातकट गावे दक्षिणेसारखी देखणी नाहीत. ऑक्टोबरमध्ये छपरांवर वाळत घातलेली मक्याची कणसे आणि पाने झडलेल्या झाडांवर उरलेली तेंदूसारखी केशरी फळे, एवढेच दृश्य. त्या छिंगमिंगला, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला पितरांच्या कबरी झाडायच्या सणाला, मी पुन्हा गेलो, कारण कोटणीसांसाठी फुले ठेवायला एखादा मराठी माणूस असावा असे वाटले.

ताई, एक व्यावहारिक बाब. 2020 पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमाने ऑक्टोबर 2025 मध्ये कोलकाता-ग्वांगझोउ मार्गाने पुन्हा सुरू झाली आहेत, त्यामुळे बँकॉक किंवा सिंगापूरला वळसा घालण्याचे कारण आता राहिलेले नाही. तिबेटच्या खेड्यांचा मोह झाला तर तिथे स्वतंत्र परवाना लागतो आणि परदेशी माणसाला एकट्याने हिंडता येत नाही, हेही आधी लक्षात घ्यावे.

---

गोदाकाठची_शिक्षिका:

प्राध्यापक साहेब, माझे आजोळ सोलापूरचे. थांगची नोंद करून घेतली.

दोन शाळांना रसायनशास्त्रासाठी अर्ज पाठवले आहेत आणि पदवीच्या प्रमाणीकरणाची चौकशी सुरू केली आहे. सुगरणताई, पहिली मोठी सुट्टी जानेवारी-फेब्रुवारीतच मिळणार असेल, तर झाओशिंगला तेव्हा जाणे योग्य होईल का, की थंडी फार असते?

---

ग्वांगझोउतली_सुगरण:

बर्फ क्वचितच पडतो, पण थंडी हाडांत शिरते, कारण दक्षिणेकडच्या घरांना उत्तरेसारखी मध्यवर्ती उष्णता पुरवत नाहीत आणि लाकडी भिंतींच्या फटींतून वारा येतो. नाशिकच्या डिसेंबरवर भिस्त ठेवू नका. आतून घालायचे लोकरीचे कपडे आणि जाड मोजे न्या. तरीही जाच. शहरात कामाला गेलेली मुले-सुना वर्षातून त्याच वेळी परत येतात, एरवी नुसते म्हातारे आणि नातवंडे असलेले गाव भरून जाते, आणि खोली वेळेवर ठरवलेली असेल तर मालकीण तुम्हाला नववर्षाच्या जेवणाला बसवल्याशिवाय सोडणार नाही. ‘पू याओ झूयौ’ तेवढे सकाळीच सांगून ठेवा, संध्याकाळी चूल पेटल्यावर उशीर झालेला असतो.